कोपरा नसलेली टाकी

आमच्या इमारतीत त्यांना 'चार डिग्री' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. एका मोठ्या इस्पितळाच्या शवागारातली थंडी सांभाळणं हे त्यांचं काम, आणि तिथला काटा चारवर ठेवायचा असतो हे कुणीतरी कुठूनतरी ऐकलेलं. एकतीस वर्षं त्यांनी तो काटा ढळू दिला नाही. समारंभात त्यांच्या शेजारची खुर्ची सगळ्यात शेवटी भरायची. काय करता असं कुणी विचारलंच, तर "फ्रीजचं काम" एवढं सांगून ते मोकळे व्हायचे. मी त्यांना मिस्त्री म्हणायचो.

निवृत्त झाल्यावर पहिले आठ दिवस ते नुसते झोपले. नवव्या दिवशी त्यांनी घरातला मिक्सर उघडून पुन्हा जोडला.

"बिघडला नव्हता तो," बायको म्हणाली. "आता बिघडला."

बायको शिवणकाम करायची. मागच्या खोलीत तिचं मशीन, कापडांचे ढीग, गिऱ्हाइकांच्या मापांची वही. एकतीस वर्षं दिवसभर तिचीच असलेली ती खोली आता मिस्त्री पकडी-पान्हे घेऊन बळकावू लागले, तेव्हा तिने मुलीला फोन केला. "तुझ्या बाबांना काहीतरी काम दे बाई. नाहीतर शिवणयंत्राची पाळी आहे."

मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिच्या प्रयोगशाळेतलं थंड कपाट नेमकं बंद पडलं होतं. मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन गेले, पाठीमागचा पत्रा काढला, कॉम्प्रेसरला हात लावला आणि मान हलवली. कपाट संपलं होतं. कॉलेज नवं घेणार नव्हतं. मुलीने आतली एक काचेची बरणी बाहेर काढली आणि बराच वेळ हातात धरून उभी राहिली.

"काय आहे त्यात? बुरशी?"

"जवळून बघा."

बरणीच्या तळाशी एक शिंपला होता. त्यावर कापसाच्या तंतूंएवढे पांढरे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला केसाहून बारीक बोटं.

"जेलीफिशची पिल्लं आहेत, बाबा. पिल्लं म्हणजे, अजून झाडासारखीच. अशीच वर्षानुवर्षं चिकटून बसतात. थंड समुद्रातली जात आहे ही, इथल्या उकाड्यात टिकायची नाहीत. आता फेकूनच द्यावी लागतील."

"आणि थंडीत ठेवली तर?"

"थंडीत तर खरी गंमत. पाणी हळूहळू गार होत गेलं की ह्यांच्या अंगावर चकत्या पडायला लागतात. बशांवर बशा रचाव्यात तशा. मग एकेक बशी सुटून पोहायला लागते. तीच जेलीफिश."

"म्हणजे थंडी लागली की हे जन्माला येतात?"

"तसंच म्हणा."

ती बरणी रुमालात गुंडाळून, मांडीवर धरून मिस्त्रींनी बसने घरी आणली. त्या वेळी मनात काय होतं, असं मी पुढे एकदा त्यांना विचारलं. म्हणाले, "थंडीचा हा उपयोग मला कुणी सांगितलाच नव्हता."

मागच्या खोलीत एक जुना छोटा फ्रीज पडून होता. त्याला त्यांनी नवा थर्मोस्टॅट बसवला, बरणी आत ठेवली आणि दर चार दिवसांनी एक डिग्री खाली आणली. मुलीने मीठ कालवून समुद्राचं पाणी करायला शिकवलं, आणि खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीची अंडी दिली. ती उबवून निघालेली पिल्लं थेंबाथेंबाने बरणीत सोडायची. दहा डिग्रीवर आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ठिपके लांबले, त्यांवर वळ्या पडल्या. आणि एका सकाळी पाण्यात नखाहून लहान अशा अकरा चांदण्या धडधडत होत्या. मिस्त्रींनी बायकोला हाक मारली. ती तोंडात टाचण्या धरूनच आली आणि तशीच उभी राहिली.

त्यांना बरणी लहान पडणार म्हणून मिस्त्रींनी फ्रीजच्या आत मावेल अशी काचेसारख्या ॲक्रिलिकची चौकोनी पेटी केली. कडा सरळ, सांधे पक्के, एक थेंब गळेना. चार दिवसांत सगळ्या चांदण्या कोपऱ्यांत जाऊन अडकल्या आणि भिंतींना घासून फाटल्या.

"पोहतात ना ह्या? मग वळता येत नाही?" मिस्त्री फोनवर मुलीवरच चिडले.

"पाणी नेईल तिकडे जातात, बाबा. समुद्राला भिंती कुठे असतात? भिंत म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नाही."

बायको मशीनवर बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "कोपरा नको तर गोल करा. बाहीला कुठे कोपरा असतो?"

"ॲक्रिलिक आहे ते. कापड नाही."

"गरम केलं तर वाकतं ना?"

वाकत होतं. बायकोने कागदावर घेर आखून दिला, अगदी शिलाईसाठी सोडतात तशी जादा माया धरून. मिस्त्रींनी पत्रा तापवून पिंपाभोवती वळवला, दोन्ही बाजूंना सपाट तावदानं चिकटवली. तयार झाली ती आडव्या ठेवलेल्या ढोलासारखी टाकी. एका बाजूने छोट्या पंपाचं पाणी कडेकडेने सोडलं की आतलं सगळं पाणी संथ गोल फिरत राही. बाहेर जाणाऱ्या तोंडावर बायकोने बारीक जाळी ताणून बसवली. शिंपल्यावरच्या ठिपक्यांनी तोवर पुन्हा बशा सोडल्या होत्या. या खेपेला चौदा.

टाकी फ्रीजमध्ये मावणारी नव्हती, म्हणजे तिला स्वतःची थंडी हवी. हे तर मिस्त्रींच्या डाव्या हातचं काम. एका मोडीत निघालेल्या वॉटर कूलरचं यंत्र आणलं, तांब्याच्या नळीचं सुरेख वेटोळं केलं आणि टाकीला जोडलेल्या पाण्याच्या डब्यात बुडवलं. काटा तेरावर येऊन थांबला आणि हलला नाही. दोन दिवस चौदाच्या चौदा जेलीफिश गोल फिरत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या तळाशी, चुरगळलेल्या.

मुलगी आली, डब्यात डोकावली. "बाबा, तांबं?"

"मग? थंडीला तांबंच लागतं."

"खाऱ्या पाण्यात उतरतं ते. ह्या जिवांना विष आहे."

मिस्त्री स्टुलावर बसले. तांबं म्हणजे त्यांचा उजवा हात. कोणत्या नळीला किती ताप द्यायचा हे ते डोळे मिटून सांगत. त्यांनी वायर काढून गुंडाळली, टाकीवर जुनी चादर टाकली आणि त्या खोलीत जाणंच सोडलं. सकाळी फिरायला जायचे, बाकावर बसायचे, परत यायचे. कुणी विचारलं तर "झालं ते" म्हणायचे.

महिन्याभराने कात्री हवी म्हणून ते मागच्या खोलीत शिरले. फ्रीज घरघरत होता. तो आपण बंद केला की नाही हे त्यांना आठवेना. उघडून पाहिलं तर बरणीतलं पाणी स्वच्छ, शिंपल्यावर ठिपके दुप्पट. शेजारी डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर, आणि एका वाटीत नुकतीच उबवलेली पिल्लं.

"कोण करतंय हे?"

"कोण करणार?" बायकोने मशीन न थांबवताच सांगितलं. "उपाशी ठेवायचे होते का? तुम्ही रुसलात, त्यांनी काय केलंय?"

"बोलली नाहीस."

"विचारलंत कुठे?"

त्या दुपारी चादर निघाली. या वेळी मिस्त्रींनी तांब्याचं वेटोळं साध्या पाण्याच्या बादलीत ठेवलं, आणि टाकीचं खारं पाणी प्लास्टिकच्या लांब नळीतून त्या गार बादलीतून फिरवून आणलं. दोन पाण्यांची गाठभेट नाही, फक्त थंडी इकडून तिकडे जाते. लागणारी नळी हिशेबापेक्षा तिप्पट निघाली, यंत्र दिवसभर धापा टाकत राही, पण काटा चौदावर टिकला. पुढचे दोन महिने त्यांनी टाकी रिकामीच फिरवली. खात्री पटल्यावर नव्या बशा आत सोडल्या.

त्या जगल्या. तळहाताएवढ्या झाल्या. पारदर्शक छत्री, मध्ये चार फिकट जांभळी कडी, आणि उघडमीट, उघडमीट. इमारतीत बातमी फुटली. ज्यांनी त्यांच्या घरचा चहा कधी घेतला नव्हता तेही चपला काढून आत आले. मीही त्यांतलाच, उगाच खोटं कशाला बोलू?

समोरच्या दारातल्या काकू मात्र आल्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले तेव्हा मुलगा परदेशातून यायचा होता, म्हणून दोन दिवस त्यांना मिस्त्रींच्याच शवागारात ठेवलं होतं. तेव्हापासून जिन्यात मिस्त्री दिसले की काकू तोंड फिरवायच्या. मिस्त्रींनाही त्यात नवल वाटत नसे. माणसं तशीच वागतात.

एका दुपारी काकू आल्या. बायकोने खुर्ची दिली. बराच वेळ त्या टाकीकडे बघत राहिल्या.

"पाणी गार आहे का?"

"चौदा डिग्री."

"ह्यांना थंडी वाजत नाही?"

"नाही काकू. थंडीतलेच आहेत ते. उलट ऊब लागली तर जातील."

काकूंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. मग टाकीकडेच बघत म्हणाल्या, "आमच्या ह्यांना थंडी सहन व्हायची नाही. पंखासुद्धा लावू द्यायचे नाहीत. तुम्हाला विचारीन विचारीन म्हणत होते. जिन्यात तुम्ही दिसलात की शब्द फुटायचा नाही, वर रडू यायचं. तिथे... एकटेच होते का ते?"

मिस्त्रींचा हात पंपाच्या बटणावर होता. तो त्यांनी काढून घेतला.

"एकटे नव्हते. मी होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथलं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीला दोन तास लागले. तोवर दार कुणाला उघडू दिलं नाही, थंडी जाऊ नये म्हणून. यंत्र सुरू झाल्यावर आत जाऊन दोनदा बघून आलो. आपल्या मजल्यावरचे ते. चादर नीट केली. त्यांना काही जाणवत नव्हतं काकू, हे मला ठाऊक आहे. तरी केली."

काकू रडल्या. मिस्त्रींच्या बायकोने मशीनचं झाकण लावलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. मिस्त्री उठून पाणी आणायला गेले ते तिकडेच थोडे थांबले. एकतीस वर्षांत त्यांना कुणी आतलं काही विचारलं नव्हतं. लोक विचारायचे ते मृतदेह कधी मिळेल, कागदांवर सही कुठे करायची, एवढंच.

तेव्हापासून काकू आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. कधी नुसत्या बसायच्या, कधी बायकोला बटणं लावून द्यायच्या.

जेलीफिशचं आयुष्य साधारण वर्षाचं. हे मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं. वर्ष संपता संपता छत्र्या आकसू लागल्या, उघडमीट मंद झाली, आणि महिन्याभरात एकेक करून सगळ्या गेल्या. मिस्त्रींनी प्रत्येक वेळी पंप थांबवला, चाळणीने अलगद उचललं, पंप परत लावला. मग फ्रीजपाशी जाऊन बरणीचं तापमान एक डिग्री खाली आणलं.

तीन आठवड्यांनी तिघं बरणीवर वाकून मोजत होती. मिस्त्री सत्तावीस म्हणाले, बायको सव्वीस. काकूंनी चष्मा पुसून पहिल्यापासून सुरुवात केली, तेवढ्यात आणखी एक बशी सुटली आणि सगळ्यांचाच आकडा चुकला.