पाण्याला वेळ आहे

पितृपक्ष लागला की माझे कान फोनकडे लागतात. आमच्या ग्वाल्हेरात, जयेंद्रगंजात औषधांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट आहे. तिथून भावजींचा फोन येतो, “ताई, नवमीला जेवायला यायचं आहे.” भावजी म्हणजे माझ्या मैत्रिणीचे यजमान. मैत्रीण गेली. नवऱ्याच्या आधी गेली, म्हणून अविधवा नवमीला तिच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालतात. ती सवाष्ण मी. मी जेवले की तिला पोचतं, असं तिच्या सासूबाई म्हणतात. त्यांना मी काकू म्हणते. खरंखोटं देव जाणे. पण वर्षातून एकदा तिच्या घरात, तिच्या नावाच्या पाटावर बसलं की तेवढा वेळ ती कुठं गेलीय असं वाटायचंच नाही.

आम्ही दोघी दौलतगंजात एकाच गल्लीत वाढलो, आणि चांगल्या ऐसपैस वाढलो. सकाळी डाळ भरलेली बेडई पुरी, संध्याकाळी कचोरी, थंडीत तिळाची गजक. मुरारला जायला टेम्पोत चढलो की ड्रायव्हर म्हणायचा, “एक बहनजी इधर, एक उधर, बॅलन्स बना रहेगा.” मी भांडायला उभी राहायची आणि ती तोंडाला पदर लावून हसत सुटायची. तिला राग म्हणून येत नसे. तिच्या वाटचाही मलाच आलेला.

मग दोघींना साखर झाली, दोघींचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी दोघींनाही वजन उतरवायचं ऑपरेशन सांगितलं. जठराची अंड्याएवढी पिशवी ठेवायची, आतडं त्या पिशवीला जोडायचं, आणि मग जन्मभर चिमणीसारखं खायचं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “पोटाची अशी काटछाट करायला ते काय ब्लाउज आहे का? मी बाई भरल्या पोटीच जाणार.” तसंच झालं. एका दुपारी जेवली, जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही.

त्यानंतरच्या दोन नवम्यांना मी तिच्यासाठी जेवले. जेवले कसली, तुटून पडले. वडे, खीर, पुरणपोळ्या, वर तूप. काकू वाढत राहायच्या, भावजी दारात उभे असायचे, आणि कोणी कोणाशी बोलायचं नाही. तिचा विषय त्या घरात निघतच नसे. काकूंनी तिचा फोटोही आतल्या खोलीत नेऊन ठेवला होता. मी भराभरा जेवायची, पाणी प्यायची, काकू ओटी भरायच्या, की मी जिना उतरलेली.

तिसऱ्या वर्षी मी ऑपरेशन करून घेतलं. तिच्यासारखं जायचं नव्हतं मला. भीती वाटत होती, स्पष्टच सांगते.

भुलीच्या औषधात मला ती दिसली. किल्ल्याखालच्या रस्त्यानं पुढं चालली होती, हातात कचोरीचा द्रोण, आणि काही केल्या मागं वळून बघेना. मी हाका मारतेय, पण आवाज फुटत नाही, आणि पाय मात्र हलके, इतके हलके की जमिनीला लागतच नाहीत. जाग आली तेव्हा नर्स म्हणत होती, “अम्मा, पानी अभी नहीं.” तेव्हापासून ते वाक्य माझ्या मागंच लागलंय.

पुढचे महिने सगळे त्या भुलीतच गेल्यासारखे आठवतात. दुपारी गच्चीत बसायची. किल्ला उन्हात विरघळल्यासारखा दिसायचा. खालच्या मजल्यावर कोणीतरी फोडणी द्यायचं, आणि हिंगाच्या वासावर मी तासभर कुठल्या कुठं जायची. भूक लागायची नाही, नुसती आठवण यायची. हातातल्या बांगड्या आपोआप गळून पडायला लागल्या. केस गळले. पोटाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबायला लागली. आरशात एक कोणीतरी बारीक बाई दिसायची आणि मी तिला वाट द्यायला बाजूला सरकायची. यजमान म्हणाले, “अगं, ती तूच आहेस.” म्हटलं, असेन बापडी.

नियम सोपे आहेत, फक्त ते मरेपर्यंत पाळायचे आहेत. आधी डाळ, पनीर, दही, मग बाकीचं. गोड जवळजवळ नाहीच. घास इतका चावायचा की त्याला स्वतःचीच ओळख राहू नये. गोळ्या रोज. आणि जेवताना पाणी नाही, जेवल्यावरही अर्धा तास नाही. सगळं जमलं, पण हा शेवटचा नियम अजून जिवावर येतो.

त्या वर्षीच्या नवमीला मी घोटाळा केला. भावजींना ऑपरेशनचं माहीत होतं, पण काकूंना कोण समजावणार? त्यांनी ताट नेहमीसारखंच भरलं. मीही म्हटलं, एक दिवस आहे, तिच्यासाठी खाऊन घेऊ. माझं पोट लहान झालं, त्याची शिक्षा तिला का? खीर घेतली, पुरणपोळी घेतली. अर्धी पोळी झाली असेल नसेल, छातीत धडधडायला लागलं, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांपुढं अंधार. ताटावरून उठून मोरीकडं धावले. मग त्यांनी मला तिच्याच पलंगावर निजवलं. पंखा हळूहळू फिरत होता, चादरीला तिच्या कपाटातला डांबराच्या गोळ्यांचा वास होता, आणि मला वाटत राहिलं की ती शेजारीच पडलीय आणि पोट धरून हसतेय. दारातून काकूंचा आवाज आला, “सवाष्ण भरल्या ताटावरून उठली रे. तिला काही पोचलं नाही.”

पुढच्या वर्षी फोन आला नाही.

अष्टमीची संध्याकाळ झाली तरी नाही. मी दिवसभर चिडचिड केली, यजमानांच्या चहात साखर घालायची विसरले, भांडी आपटली. ते म्हणाले, “एवढं काय, एक जेवण चुकलं तर?” त्यांना काय सांगू? जेवण गेलं चुलीत. त्या पाटावर दुसरी कोणी बसली की माझी मैत्रीण मला पुन्हा भेटणार नव्हती. शेवटी मीच फोन लावला. भावजी आधी घुटमळले. मग म्हणाले, “ताई, आईनं दुसरीकडे सांगायचं ठरवलं आहे. तुम्हाला त्रास नको. और... ती म्हणते, सवाष्णीचं पोट भरायला पाहिजे.”

“भावजी,” मी म्हटलं, “माझं पोट दोन घासांत भरतं. एवढी सोयीची सवाष्ण अख्ख्या ग्वाल्हेरात मिळायची नाही तुम्हाला. मी उद्या येतेय.” आणि ठेवून दिला फोन. 

दुसऱ्या दिवशी पाट मांडलेला होता, रांगोळी होती. काकू माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “काय वाढू ते तूच सांग.” मी सांगितलं. चमचाभर वरण, चमचाभर भात, वड्याचा एक तुकडा, खिरीचं बोट. एवढ्या मोठ्या ताटात ते सगळं हरवून गेलं. काकूंनी तोंड फिरवलं.

मी चावायला लागले. एक घास, मग थांबायचं, मग दुसरा. त्या घरची रीत अशी की सवाष्ण पाणी पिऊन उठल्याशिवाय बाकीच्यांची पानं वाढायची नाहीत. आधी मी इतक्या झटपट उठायची की रीत कोणाच्या ध्यानातही यायची नाही. आता काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. भावजींनी दारातली खुर्ची आत ओढली. ताट रिकामं झालं. मी हात तसाच धरून बसून राहिले.

“पाणी पी आणि ऊठ,” काकू म्हणाल्या.

“अर्धा तास पाणी चालत नाही काकू. तुम्ही घ्या ना जेवून.”

“असं कसं? तू उठल्याशिवाय?”

मग आम्ही तिघंही बसलो. काय करणार? खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि फरशीवरून हळूहळू पाटाकडं सरकत होतं. खाली कोणीतरी स्कूटर चालू करायच्या खटपटीत होतं, ती काही होईना. बऱ्याच वेळानं काकू म्हणाल्या, “ती पण अशीच बसायची. हात वाळवत. जेवण झालं तरी उठायची म्हणून नाही.”

भावजींनी मान वर केली.

“मी रागवायची,” काकू म्हणाल्या. “म्हणायची, ऊठ ग, उष्ट्या हातानं किती गप्पा मारतेस. तर ती म्हणायची, आई, तुम्हीच बसा ना जरा. मी कधी बसले नाही. मला ओटा पुसायचा असायचा.”

मग भावजी बोलले. ती कढीत गूळ जास्त घालायची आणि विचारलं तर साफ नाकबूल करायची. मी टेम्पोचं सांगितलं, ते त्या दोघांना माहीतच नव्हतं. काकू हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळ्यांना पदर लावला आणि त्यांनी तिचं नाव घेतलं. मोठ्यानं, सरळ, जशी स्वयंपाकघरातून हाक मारावी तसं. भावजी उठून आत गेले आणि तिचा फोटो घेऊन आले. तो त्यांनी माझ्या ताटासमोर भिंतीला टेकवून ठेवला. 

ऊन पाटावर आलं. माझा हात कोरडा ठक्क झाला होता. मला तहान लागली होती, आणि दोघांच्याही पोटात सकाळपासून चहाखेरीज काही नव्हतं. मी पाण्याच्या भांड्याकडं हात नेला.

काकूंनी ते बघितलं. “पाण्याला वेळ आहे ना ग अजून?” त्यांनी विचारलं. “तिच्या डोहाळजेवणाचं सांगायचं राहिलंय.”

समोर भिंतीवर घड्याळ होतं. अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता.

“आहे काकू,” मी म्हटलं, आणि हात मागं घेतला.