पक्की शाई

शाईच्या बाटलीचं झाकण उघडलं की येणारा तो औषधी वास मला थेट गंगापूर रोडच्या आमच्या गॅलरीत नेतो. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर लुळ्या पडलेल्या बाबांच्या उजव्या हातात कित्येक महिन्यांनी जरा जीव आला होता, म्हणून मी हौसेनं त्यांच्या पेनासाठी निळी शाई आणली. थंडीतलं कोवळं ऊन होतं. मांडीवरच्या पाटावर कागद ठेवून, वाकडंतिकडं का होईना, त्यांनी माझं नाव लिहिलं. मी हरखून बघतेय तोच त्यांनी शेजारच्या पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं आणि अक्षरांवर थेंब सोडला. जन्म बँकेत गेलेला. पाण्याला न टिकणाऱ्या शाईवर त्यांचा विश्वासच नसे. माझ्या नावाचा निळा डाग झाला. "कच्ची आहे गं. पक्की घेऊन ये, मग नीट लिहून देतो," ते म्हणाले. संध्याकाळीच मी पक्की शाई आणली, पण पहाटे दुसरा झटका आला आणि तो हात पुन्हा हललाच नाही. आज इतक्या वर्षांनी मी तीच बाटली उघडली, त्यांच्याच पेनात शाई भरली आणि कागदावर बाबांचं नाव लिहिलं. ते वाळल्यावर पाण्याचा पेला जवळ ओढला, बोटही बुडवलं, आणि थेंब न सोडताच ते पदराला पुसून टाकलं.