दोराला लागलेला हात

परतूरच्या ज्युनियर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. बारावीच्या मुलांना दरवर्षी एक जुनी परदेशी गोष्ट वाचून दाखवते. त्या गोष्टीतलं गाव वर्षातून एकदा आपल्यातल्याच एका माणसाची निवड करतं आणि सगळे मिळून त्याला मारून टाकतात. हे कधी सुरू झालं, कशासाठी, ते कोणालाच आठवत नाही. करायचं असतं एवढंच ठाऊक असतं. मुलं ती ऐकताना गप्प होतात. मग वह्या उघडतात आणि विचारतात, "मॅडम, यातली प्रतीकं लिहून द्या." मी लिहून देते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने मात्र विचारलं होतं, "एकालाही न्हाई म्हणता येत नव्हतं का?" त्यावर आम्ही तासभर बोललो. तास छान झाला असं मला वाटलं होतं.

माझं माहेर परतूरपासून अर्ध्या तासावर. गावात खंडोबाचं देऊळ आहे आणि जत्रेला बारा गाड्या ओढतात. बैल न जुंपता गाड्या एकामागे एक बांधायच्या, वर माणसं बसवायची, आणि एका माणसाने कमरेला दोर बांधून त्या देवळापर्यंत ओढत न्यायच्या. आजूबाजूचे हात लावतात, मागून रेटतात, पण पुढे तो एकटाच. गावातल्या काही घरांकडे हा मान आहे, त्यात आमचंही घर. कोणी ओढायच्या ते देव ठरवतो. गुरव मूर्तीला कण्हेरीची कळी चिकटवतो आणि एकेकाचं नाव घेतो. ज्याच्या नावाला कळी उजवीकडे पडेल त्याला कौल. लहानपणी मीही त्या गाड्यांत बसले आहे, ओरडले आहे.

गेल्या वर्षी कौल माझ्या दादाला आला. त्याचं परतूरच्या बाजारात मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. गावाहून रोज जाऊन येऊन करायचा. कमरेचं दुखणं जुनं, पट्टा बांधून काम करायचा. मी फोन केला.

"दादा, डॉक्टरने तुला वजन उचलायला मना केलंय."

"उचलायचं कुठं हाय? पळायचंय," तो हसला. "देवाचं काम हाय. तू ये मात्र बराबर."

मी गेले. वहिनीने पहाटेपासून उपास धरला होता. तिने त्याला हळद लावली, ओवाळलं, आणि गाड्या बांधल्या होत्या तिथवर बाकीच्या बायकांसोबत गेली. त्यात नवल काही नव्हतं. बायका नेहमीच जायच्या.

बैलगाड्या आता गावात उरल्या नाहीत फारशा. लाकडी चाकांच्या तर नाहीतच. ज्या गोळा केल्या होत्या त्या सगळ्या टायरच्या. आणि पूर्वीच्या फुफाट्याच्या वाटेवर ग्रामपंचायतीने सिमेंटचा रस्ता केला होता. देवळाच्या अलीकडे त्याला चांगला उतार आहे. लाकडी चाक मातीत रुतायचं, माणसाला ओढावं लागायचं. टायरच्या गाड्या सिमेंटवर आपोआप धावतात. हे कळायला शिक्षण लागत नाही. दादाला तर बेअरिंगच्या आवाजावरून मोटारीचं दुखणं कळायचं.

त्याने "येळकोट" म्हणून दोर ओढला आणि गाड्या निघाल्या. उताराला लागल्यावर त्याचं पळणं बदललेलं मला लांबून दिसलं. आता तो ओढत नव्हता, गाड्या त्याच्यामागे लागल्या होत्या. बाजूला व्हायला कमरेचा दोर सोडावा लागला असता. तो पडला. पहिली गाडी त्याच्या पायावरून गेली, दुसरीही गेली. मागच्या गाड्यांतल्या लोकांना काहीच माहीत नव्हतं. ते भंडारा उधळत ओरडतच होते. वहिनी किंचाळत धावली तरी ते ओरडतच होते.

जालन्याला नेलं. डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

दवाखान्यात त्याच संध्याकाळी वहिनीची पाळी आली. धावपळीत अवेळी आली असेल. सोबत आलेल्या शेजारणीला तिने हळूच विचारलं, "तुमच्याकडं काही हाय का?" शेजारणीने मेडिकलमधून आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी ती शेजारीण गावी परतली.

आम्ही दादाला घरी आणलं तोवर गावाचं ठरून गेलं होतं. विटाळशी बाई गाड्यांपाशी आल्ती. तिचा दोराला हात लागला. म्हणून देव कोपला. कोणी भांडायला आलं नाही. उलट भेटायला येणारे दादासाठी फळं आणायचे, त्याच्या उशाशी बसून हळहळायचे. फक्त वहिनीने दिलेला चहा कोणी घेईना. "आत्ताच घेतला" म्हणायचे. पुढे पुढे ती चहा विचारायचीच बंद झाली. गणपतीत आरतीला तिला कोणी बोलावलं नाही. पिठाच्या गिरणीत ती गेली की बायका आपले डबे उचलून बाजूला ठेवायच्या.

मी दादाशी बोलले. खाटेवर बसून तो कापलेल्या पायाच्या खुंटाला तेल चोळत होता.

"तू तरी सांग लोकांना. तिची पाळी संध्याकाळी आली. दवाखान्यात. मी होते तिथे."

"सांगून काय व्हतंय?"

"खरं काय ते कळेल. पाय टायरने गेला, दादा. उताराने गेला. तुला कळत नाही का हे?"

तो बराच वेळ चोळत राहिला. मग म्हणाला, "मला सगळं कळतंय. पण तसं म्हणलं की मंग मी येडाच ठरलो की न्हाई? फुकटचा पाय घालवून बसलो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हिचा हात लागला आसंल तर निदान काहीतरी कारण हाय."

वहिनी मधल्या दारात उभी होती. ती आत गेली आणि भांडी घासू लागली. मला आणखी बोलायचं होतं, पण त्या माणसाला एकच पाय होता.

त्या वर्षी मी ती गोष्ट शिकवली नाही. दुसरी घेतली.

यंदा जत्रेच्या आधी देवळात बैठक झाली. मी मुद्दाम गेले. निदान उतारावर वाळू टाका, मागच्या गाडीला ब्रेकसारखं काही लावा, असं हात जोडून सांगितलं. आमच्या नात्यातल्याच एका म्हाताऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, तुमचं बराबर हाय. पण आपण ब्रेक लावावा आन् देवाला वाटावं, ह्यांचा माझ्यावर भरोसा न्हाई, असं कसं चालंल?" सगळ्यांनी माना हलवल्या. मग ठरलं की यंदापासून गाड्यांच्या वाटेवर एकही बाई येणार नाही. भोंग्यावरून तसं सांगितलंही.

मी वहिनीला जत्रेआधीच परतूरला माझ्या घरी घेऊन आले. जत्रेच्या दिवशी ती स्वयंपाकघरात बसून गवार मोडत होती. कौल शेजारच्या तरण्या पोराला आला होता. दुपारी चुलतभावाने फोनवर व्हिडिओ पाठवला. खुर्चीत बसलेला दादा त्या पोराला भंडारा लावत होता, त्याच्या कमरेचा दोर स्वतः आवळून बघत होता. मग गाड्या निघाल्या, उतारावरून सुटल्या, पोरगं धडपडलं, सावरलं, आणि देवळापाशी पोचलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. चुलतभावाने खाली लिहिलं होतं, बायका नव्हत्या तर बघा कसं निर्विघ्न पार पडलं.

फोन लपवायला हवा होता. वहिनीने तो माझ्या हातातून घेतला आणि सगळं बघितलं. लिहिलेलंही वाचलं. मग परत गवार मोडू लागली.

"वहिनी, नशिबाने वाचलं ते पोरगं. दुसरं काही नाही."

शेंगा संपल्या, तिने ताटलीतल्या शिरा गोळा केल्या.

"ताई," ती म्हणाली, "त्या दिवशी एवढी गर्दी व्हती. मला आठवतच न्हाई, दोराला हात लागला का न्हाई. लागला आसंल."

"अहो, लागला असला तरी काय? तुम्हाला तेव्हा पाळी नव्हती."

"ते बी आता बराबर आठवत न्हाई," ती म्हणाली. "दवाखान्यात कळलं. पण आधीच आल्ती आसंल."

मी खूप सांगितलं. तारखा सांगितल्या, शेजारणीचं सांगितलं, रस्ता, टायर, कागदावर उतार काढून दाखवला. माझ्या समजुतीसाठी ती मान हलवत होती. चार दिवसांनी ती गावी गेली. आता त्या दिवसांत ती गोठ्याशेजारच्या खोलीत वेगळी बसते. आमच्या घरात आईच्याही वेळी ही रीत नव्हती. दादाने सांगितलं नाही, कोणीच सांगितलं नाही. चुलतभावाच्या घरून आलेलं जेवण तिला दारातून लोटून दिलं जातं, आणि ती ते घेते.