पाचवा सुरुंग

नाथाजी ब्रह्मदेशातून परत आला तेव्हा त्याच्या अंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता. मळेवाडीतून सात जण पलटणीत गेले होते. एक जण पाय गमावून आला, दोघांची नुसती तार आली. नाथाजी मात्र धडधाकट, खांद्यावर ट्रंक घेऊन तासगावच्या रस्त्यानं चालत आला. बायकोनं, बनुबाईनं, त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तेवढ्यात आत कुणाच्या तरी हातून पितळेचं ताट निसटलं आणि नाथाजी उंबऱ्यातच पालथा पडला, दोन्ही हात डोक्यावर घेऊन.

ते शेहेचाळीस साल. त्यानंतर घरात जोरात दार लावायची चोरी झाली. नाथाजी सकाळी उठला की आधी कानांत कापसाचे बोळे घालायचा. आईनं देवऋषी केला, लिंबं उतरवली, अंगारा लावला. काही गुण आला नाही.

"आवं, भ्यायचं काय त्यात?" बनुबाई विचारायची.

"मला काय ठावं? आवाज झाला की मी हितं ऱ्हातच न्हाई बघ."

त्यात थोरल्या भावानं, कृष्णातनं, उसासाठी विहीर काढायला घेतली होती. वीस हातांवर काळा पाषाण लागला. सुरुंग लावल्याशिवाय पुढं जाता येईना. कृष्णात तोंडाचा फटकळ, पण भावावर जीव असलेला. त्यानं सुरुंग उडवायला तासगावच्या बाजाराचा दिवस ठरवला, म्हणजे त्या दिवशी बनुबाईनं नाथाजीला दोन कोस लांब घेऊन जावं.

तासगावात एका बोळाच्या तोंडाशी नाथाजी पोत्यावर बसायचा आणि बनुबाई बाजार करायची. एकदा ती परत आली तर नाथाजीनं एका कानातला बोळा काढून हातात धरलेला. समोरच्या घरातून फिडल वाजत होतं. परत आल्यापासून त्यानं आपल्या हातानं बोळा काढल्याचं तिनं पहिल्यांदा पाहिलं. ती डोक्यावरचा पदर सारखा करून सरळ त्या घरात शिरली.

"चाचा, आमच्या मालकास्नी शिकवशीला का?"

ते घर चांदसाहेबांचं. साठीचे, किडकिडीत गृहस्थ. सांगलीच्या तंबू थेटरात मुके चित्रपट चालत तेव्हा ते पडद्याखाली बसून फिडल वाजवायचे. बोलपट आले आणि त्यांचं काम गेलं. आता घरी तीन-चार जणांना शिकवत. नांगर धरणारा तिशीतला गडी समोर पाहून ते हसले नाहीत.

"माझी बोटं लय जाड हायती मास्तर," नाथाजी म्हणाला.

"माझीबी जाडच हायती. ही बघ."

तिसऱ्या बाजाराला खुंटी पिळताना बारकी तार फटकन तुटली. डोळ्याचं पातं लवायच्या आत नाथाजी बाजेखाली. दात वाजत होते, घामानं सदरा भिजला होता. चांदसाहेबांनी त्याला ओढून काढलं नाही. दार लोटून घेतलं आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले. बऱ्याच वेळानं बाजेखालून आवाज आला.

"मास्तर, आमी डोंगर फोडून रस्ता करीत हुतो. सुरुंग मोजायचं काम माझं. मी कानांत बोटं घालून बसलो. किती उडाले ते नीट ऐकलंच न्हाई, आन सगळे उडाले म्हनून सांगितलं. जतकडचा अर्जुना माझ्या शब्दावर पुढं गेला. एक ऱ्हायला हुता."

हे त्यानं आईला सांगितलं नव्हतं, बनुबाईलाही नाही.

चांदसाहेबांनी तुटलेली तार गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "भ्यालास तरी चालंल, नाथाजी. माझ्या घरात भ्यायला मोकळीक हाय. पर हितं कापूस नगो."

त्या दिवसापासून शिकवणीची सुरुवात वेगळी व्हायला लागली. नाथाजी डोळे मिटून बसायचा आणि चांदसाहेब गज ओढायचे, कधी एका तारेवर, कधी दोन तारांवर मिळून. "एक का दोन?" नाथाजी चुकायचा. चांदसाहेब न रागावता पुन्हा ओढायचे. सहा महिन्यांत तो चुकेनासा झाला. पण गावात पाऊल टाकलं की बोळे पुन्हा कानांत.

सत्तेचाळीसच्या वैशाखात तासगावात पटकीची साथ आली आणि बाजार बंद झाला. पावसाच्या आत विहीर बांधून काढायची होती. कृष्णातला आणखी थांबणं शक्य नव्हतं. त्यानं निरोप्याबरोबर चांदसाहेबांना कळवलं, की या खेपेच्या सुरुंगाला नाथाजी घरातच असणार. चांदसाहेब उन्हातान्हात दोन कोस चालत मळेवाडीला आले.

विहिरीच्या खडकात सुरुंगाची पाच भोकं मारली होती. माजघरात नाथाजी भिंतीला पाठ लावून बसला. हात कापसाकडं गेला तसा चांदसाहेबांनी तो आपल्या हातात घेतला.

"मी हाय. एक का दोन, तेवढंच सांग."

सुरुंग उडण्यापेक्षा तो उडण्याची वाट बघणं वाईट होतं. पहिला झाला आणि आढ्याची माती खाली आली. त्यानं घोंगड्याचा काठ दातांत धरला. दुसरा. तिसरा. मास्तरांच्या हातात त्याची नखं रुतली. चौथा. मग सगळं शांत झालं, आणि ती शांतता संपेना. लांबून कुणीतरी ओरडलं, "झालं रं, झालं!"

नाथाजीनं डोळे उघडले. "चारच."

"शेवटचे दोन संगं झाले असत्याल," बनुबाई म्हणाली. "झालं म्हनून वरडत्यात न्हवं."

"न्हाई. एकच हुता." त्यानं चांदसाहेबांकडं पाहिलं.

"मीबी एकच ऐकला," चांदसाहेब म्हणाले.

नाथाजी उठून दारापर्यंत आला आणि तिथंच खिळला. पाय पुढं पडेनात. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. चांदसाहेब उठले, पायांत वहाणा सरकवल्या. "तू बस. मी जाऊन सांगतो."

चार वावरं ओलांडून विहीर. म्हातारा माणूस तिथवर कधी पोचणार? आणि पोचला तर तोही विहिरीच्या काठावरच. नाथाजीनं त्यांना बाजूला सारलं आणि तो पळत सुटला. पळताना त्याला रडू येत होतं, हे पुढं त्यानंच सांगितलं.

कृष्णात विहिरीत दोन पायऱ्या उतरलाही होता. नाथाजीनं मागून त्याच्या सदऱ्याला धरून वर खेचलं.

"सोड! याड लागलं काय रं?" कृष्णात शिव्या देत होता.

नाथाजीनं एक हात वर करून चार बोटं दाखवली आणि भावाला ओढत नेऊन बांधामागं आडवं पाडलं. गडीही गोंधळून मागं सरले. अर्धी विडी ओढून होईल एवढा वेळ गेला. कृष्णात "आता बास" म्हणत उठायला लागला आणि पाचवा उडाला. दगड बांधावरून पलीकडं पडले. एक कृष्णातच्या पागोट्याएवढा होता.

त्यानंतर तीन दिवस नाथाजी तापानं फणफणला. कृष्णात त्याला हातानं पेज पाजायचा. भीती काही गेली नाही. पुढंही सुरुंगाच्या दिवशी नाथाजी माजघरात थरथरत बसायचा. फरक एवढाच, की त्यानं आकडा कळवल्याशिवाय कुणी विहिरीत पाय ठेवायचं नाही, आणि त्यामुळं त्याला ऐकावंच लागायचं.

एकोणपन्नास साली चांदसाहेबांच्या लेकीचं, ताहेराचं, लग्न मिरजेला होतं. जेवणाआधी चांदसाहेबांनी पाहुण्यांसमोर फिडल नाथाजीच्या हातात दिलं. चारचौघांत तो कधी वाजवत नव्हता. पहिले सूर फाटले, मधे एकदा तो साफ थांबला. चांदसाहेब पाहुण्यांत बसून होते. त्यांनी चूक सांगितली नाही की मान हलवली नाही, नुसती वाट पाहिली. नाथाजीनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि शेवटापर्यंत वाजवलं.

बायकांच्या बाजूला कुणीतरी बनुबाईला विचारलं, हे कोण वाजवतंय?

"आमचं मालक हायती," बनुबाई म्हणाली, आणि पदरानं तोंडावरचा घाम पुसला.