कशानं मेल्या ते सांगा

कॅन्सरच्या पेशी मेल्या, एवढ्यावर आमच्या बाईंचं समाधान कधी झालंच नाही. एखादा विद्यार्थी हरखून सांगत यायचा, "बाई, औषध लागू पडलं, सगळ्या मेल्या!" बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कशानं मेल्या ते सांगा." पोरगं पुन्हा बाटल्यांकडे.

संपात माझी गिरणी गेली ती गेलीच. तेरा वर्षं साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवलेला मी परळच्या एका प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागलो, तेही हंगामी. बाई तिथल्या संशोधक, गिरगावातल्या. मोठमोठ्या डॉक्टरांना नुसतं नावानं हाक मारतील, पण मला "सावंत, तुम्ही".

प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे साहेब, त्यांचं म्हणणं, बाई तपासत होत्या ते कॅन्सरचं औषध डीएनए बनू देत नाही, म्हणून पेशी मरतात. बाई म्हणायच्या, खरा घाव आरएनएवर. डबा खाता खाता त्यांनी मला समजावलं. "पेशी डीएनएवरून कच्ची नक्कल काढते, तो आरएनए. ती कापून-तासून घेतली की मग कामाची. हे औषध आरएनएच्या एका अक्षरासारखं दिसतं, म्हणून नकलेत शिरतं आणि पुढची कापाकापीच अडते."

"म्हणजे कापड विणलं, पण घडी खात्यात कापून-दुमडून बाहेरच पडेना!"

"अगदी तस्सं," म्हणत त्यांनी माझ्या ताटलीत अळूवडी टाकली.

गिरणीत दसऱ्याला आम्ही साच्यांना हार घालायचो. सवय ती, जाते कुठे? पेशी वाढवायच्या उबदार कपाटात, खाली मागच्या बाजूला, मी भक्तिभावानं झेंडू ठेवला. चार दिवसांत सगळ्या बाटल्यांत बुरशी! बाईंची दोन महिन्यांची मेहनत पाण्यात. साहेब कडाडले, "उद्यापासून हा माणूस नको." घरात पाच तोंडं, आणि दुसरी गिरणी उरली होती कुठे?

बाई शांतपणे म्हणाल्या, "कपाट रोज मी उघडत होते. मला दिसायला हवं होतं. सावंत राहतील."

प्रयोग पुन्हा मांडला. औषध दिलेल्या काही बाटल्यांत डीएनएला लागणारा माल घातला, काहींत आरएनएचं खरं अक्षर. ज्यानं पेशी वाचतील, घाव तिथला. मग बाई म्हणाल्या, "नावं पुसून नंबर टाका. कुठल्या नंबरात काय, ते चिठ्ठीवर लिहून तुमच्याकडे ठेवा. मला कळलं तर मला हवं तेच दिसेल."

"बाई, मी?"

"तुम्हीच."

मोजणीला साहेब समोर उभे. बाईंनी मोजून सांगितलं, "तीन, पाच, आठ. ह्या जगल्यात."

"चिठ्ठी कोणाकडे?"

"सावंतांकडे."

साहेब हसले. "तुमचं सगळं काम ह्याच्या भरवशावर?"

"हो."

मी चिठ्ठी उघडली. तीन, पाच, आठ. तिन्हींत आरएनएचं अक्षर! साहेबांनी चिठ्ठी मागून घेतली, दोनदा वाचली आणि मुकाट्यानं खाली सही केली. मला काढायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाई, उलटं निघालं असतं तर?"

"तर तुम्ही उलटंच वाचलं असतंत. एवढं मला ठाऊक होतं."

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गिरणीनं मला बाहेर काढलं, तेव्हा मी कोण हेच कळेनासं झालं होतं. ते मला बाईंनी सांगितलं.