पाहुण्याचं स्टूल

कुलूपवाल्याला बोलायचा भारी कंटाळा. जिन्याखालच्या कपाटाएवढ्या दुकानात तो दिवसभर चाव्या घासायचा आणि गिऱ्हाइकाला मानेनंच उत्तरं द्यायचा. बायको चिडवायची, "तुमच्या तोंडाला कुणी कुलूप घातलंय, आधी त्याची चावी करा!" घरात बोलायचं खातं तिच्याकडे होतं आणि देवाचंही.

लेक चार वर्षांची. तिचा पाय एका जागी ठरत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिची आणि येशूची ओळख करून द्यायला आईनं कधी जाडं पुस्तक उघडलं नाही. जेवताना टेबलाशी एक जादा स्टूल मांडायचं, ते येशूचं. त्याच्यापुढे चमचा ठेवणं हे भिंगरीचं काम. मग तिघांनी डोळे मिटून म्हणायचं, "येशू, ये, आमच्यात बस." भिंगरी एक डोळा किलकिला ठेवायची, पाहुणा आला का ते बघायला. एकदा तर तिनं आपल्या ताटातला बटाटा त्याच्यासाठी स्टुलावर ठेवला आणि कुलूपवाला नेमका त्यावर बसला. आईची हसून हसून पुरेवाट झाली.

ही आई साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. जाताना तिनं एवढंच मागितलं, "पोरीची प्रार्थना तुटू देऊ नका." कुलूपवाल्यानं मान हलवली.

भिंगरीनं विचारलं, "आई कुठंय?" तो बोलून बसला, "येशू आला होता बाळा. आईला आपल्या घरी घेऊन गेला." जन्मात कधी नव्हे ते दोन वाक्यं सलग बोलला आणि तिथंच घात झाला.

त्या संध्याकाळी त्यानं स्टूल मांडलं, डोळे मिटले. "येशू, ये..." म्हणतोय तोच एक चिमुकला तळवा त्याच्या तोंडावर घट्ट बसला.

"नको ना बोलावूस!"

"अगं, असं काय करतेस?"

"तो तुला पण नेईल."

त्यानं चर्चच्या पाळकसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, "लहान आहे, विसरेल. तुम्ही प्रार्थना चालू ठेवा." सांगायला काय जातं! इथं येशूचं नाव काढलं की पोरगी पलंगाखाली शिरत होती. चमचा तिनं कुठंतरी दडवला होता. बायकोनं इतक्या हौसेनं लावलेलं रोप यानं एका दमात उपटलं होतं आणि ते पुन्हा कसं लावायचं हे सांगायला ती नव्हती.

"येशू चांगला आहे गं," तो म्हणायचा.

"मग आईला परत का नाही आणत?"

हेच तर तो स्वतः रोज विचारत होता.

हळूहळू भिंगरीची झोप उडाली. पलंगावर पडून ती दाराकडे टक लावायची.

"बाबा, येशूकडे आपल्या घराची चावी आहे?"

"नाही गं."

"मग तो आत कसा आला? तू सगळ्यांची दारं पक्की करतोस. आपलं पण कर ना."

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातली सगळ्यात जाड कडी घरी आणली. भिंगरी फ्रॉकच्या ओच्यात स्क्रू धरून उभी राहिली आणि एकेक देत गेली. स्क्रू पिळताना त्याला बायकोसमोर मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. प्रार्थना तुटू देऊ नका म्हणाली होती, आणि हा तिच्या येशूवरच दार लावत होता. पण पोर झोपायला तर हवी!

भिंगरीनं कडी सरकवली, दार ओढून पाहिलं. हललं नाही. खूश होऊन ती पलंगावर चढली आणि मध्येच थांबली.

"बाबा, आई आली तर? तिच्या चावीनं उघडेल?"

आतल्या कडीला बाहेरून चावी नसते. कुलपाच्या बाबतीत तो कधी कुणाशी खोटं बोलला नव्हता.

"आई दार वाजवेल," तो म्हणाला.

"आणि त्यानं वाजवलं तर? मला कसं कळणार कोण आहे ते?"

भिंगरी पलंगावरून उतरली, टेबलाशेजारचं पाहुण्याचं स्टूल ओढत दारापाशी नेलं, त्यावर चढून बसली आणि दाराला कान लावला. कुलूपवाला तिच्या पायाशी जमिनीवर बसला. मग त्यानंही कान लावला.

बाहेर कुणीच नव्हतं.