दाजींचं विमान उमरग्यावरून

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या एका हिवाळ्याच्या शेवटी माझे दाजी अक्काला न्यायला उमरग्याला आले. हैदराबादेत ते एका कचेरीत कारकून होते. मोटार सकाळी निघाली ती दिवस कलताना पोचली. धुळीनं त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तरी ओसरीवर टेकता टेकताच त्यांनी सांगून टाकलं, "मागल्या महिन्यात साहेबांबरोबर औरंगाबादला गेलो. विमानानं. दोन तासांत!"

वडील पाण्याचा तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. "दोन तासांत? आमाला दोन दिवस लागतात की वो!"

"लागणारच. तुम्ही जमिनीवरनं जाता."

शेजारी जमले तसे दाजी रंगात आले. म्हणाले, "उमरग्यावरून जाताना खाली बघितलं. हे आपलं घर, ही विहीर, अन् ही आमची मेहुणी माळवदावर मिरच्या वाळवत बसलेली. मी हातसुद्धा हलवला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. घराच्या छतावर मिरच्या मी वाळवल्या होत्या हे खरं, पण डोक्यावरून विमान गेलेलं मला ठाऊक नव्हतं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते. शाळेत चार वर्षं उर्दूतून भूगोल घोकला होता आणि नकाशाचं पुस्तक अजून फडताळात होतं. ते काढलं आणि हैदराबादपासून औरंगाबादपर्यंत शिवणाचा दोरा ताणला. दोरा उदगीरवरून गेला. उमरगा खाली, चांगलं बाजूला राहिलं.

सकाळी दाजी परसात राखुंडीनं दात घासत होते. मी पुस्तक घेऊन गेले.

"दाजी, विमान सडकेसडकेनं जातं का वो?"

"छे! बाणासारखं सरळ जातं."

"मग जरा हा दोरा धरा."

त्यांनी काळ्या बोटानं दोरा धरला, वाकून उदगीर-उमरगा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मामांजींना दाखवलास?"

"अजून न्हाय."

मग त्यांनी खरं सांगितलं. विमानानं साहेब गेले होते. दाजी त्यांची ट्रंक पोचवायला गेले, ती आत ठेवली, आणि कुणी बघत नाही असं पाहून एका खुर्चीत बसले. दोन मिनिटांत त्यांना खाली उतरवलं.

"कशी होती खुर्ची?" मी विचारलं.

"कातड्याची. उन्हानं तापलेली. खिडकी एवढीशी, उघडत न्हाय. आत पेट्रोलचा वास. पोटात ढवळायला लागलं, विमान जाग्यावर उभं असताना!" सांगता सांगता त्यांना हसू फुटलं. मीही हसले. आदल्या दिवशीच्या थापेपेक्षा मला हे लई आवडलं. कुणाला सांगणार नाही, असं मी कबूल केलं.

दुपारी पंगतीत वडिलांनी मुद्दाम दोन पाहुणे बोलावले. "जावईबापू, ते विमानाचं सांगा की."

दाजींनी माझ्याकडं चोरून बघितलं. "काही न्हाय, दोन तासांचा रस्ता. वाटेत उदगीरचा किल्ला दिसला."

"अन् आपलं उमरगा?"

"ते लांबून. धूसर."

"मग मिरच्या?" वडिलांनी विचारलं.

दाजींनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मी भाकरी वाढत होते. मीच वडिलांना म्हणाले, "नाना, लाल रंग लांबूनसुद्धा दिसतो."

वडिलांनी मान डोलावली. आतून अक्काच्या खोकल्याचा आवाज आला. मी गेले तर सकाळचं परसातलं बोलणं ऐकलेली ती तोंडात पदर कोंबून चुलीपाशी हसत बसली होती.